सुजलेला हात रगडू नका

आमच्या पिंगुळीत, आणि एकूणच कुडाळ-मालवण पट्ट्यात, दुखण्यावरचा पहिला उपाय म्हणजे तेल. कंबर धरली, पाय मुरगळला, बाळंतीण उठली, म्हातारीचे गुडघे कुरकुरले, की खोबरेल कोमट करायचं आणि कुणातरी सरावाच्या हाताने रगडून घ्यायचं. बहुतेक वेळा त्याने बरं वाटतं, आणि त्यात वावगं काही नाही. पण एक सूज अशी आहे की तिथे हा रगडा अपाय करतो, आणि त्याच सुजेबद्दल आज मला कळकळीने सांगायचं आहे.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन करून बाई घरी येते. कुणी परळच्या टाटा हॉस्पिटलातून, कुणी गोव्यातल्या बांबोळीहून, कुणी बेळगावहून. टाके सुकतात, केस परत येतात, बाई चुलीशी उभी राहू लागते. आणि मग सहा महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनीसुद्धा, ज्या बाजूचं ऑपरेशन झालं त्या बाजूचा हात जड वाटू लागतो. बांगडी मनगटावरून पूर्वीसारखी सरकत नाही. ब्लाउजची एकच बाही दाटते. संध्याकाळी अंगठी निघत नाही आणि सकाळी निघते. घरातली वडीलधारी प्रेमानेच म्हणते, "हात सुजलो हा, वायच त्याल लावन चोळ, बरो होतलो." चोळून तो बरा होत नाही. बांगडी दाटली तो दिवस डॉक्टरकडे जाण्याचा असतो. आपल्याकडे मात्र बांगडी काढून ठेवतात आणि हात पदराखाली घेतात.

या सुजेला डॉक्टर लिम्फेडिमा म्हणतात. ती का येते हे नीट कळलं तर पुढचं सगळं आपोआप पटेल. रक्त हृदयातून अंगभर जातं तेव्हा त्यातलं थोडं पाणी बारीक रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरतं. त्यातलं बरंचसं रक्तात परत जातं, पण काही भाग आणि त्याच्याबरोबरची प्रथिनं मागे उरतात. ती गोळा करून परत रक्तात आणून सोडणाऱ्या वेगळ्या नळ्यांचं जाळं अंगभर असतं. त्या नळ्यांतल्या पाण्याला लसिका किंवा लिम्फ म्हणतात. दिवसाकाठी दोन-तीन लिटर लसिका मानेच्या मुळाशी, गळपट्टीच्या हाडामागे, मोठ्या शिरेत जाऊन मिळते. वाटेत मान, बगल, जांघ अशा ठिकाणी गाठींचे पुंजके असतात आणि तिथे ती गाळली जाते. पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं ना, ती हीच गाठ. जंतू तिथे अडवलेले असतात म्हणून ती दुखते.

या नळ्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती हळूहळू आकुंचन पावतात, आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत, आणि बाकीचं काम आपलं चालणं, हात हलवणं आणि श्वास यांवर चालतं. स्तनाच्या ऑपरेशनात बगलेतल्या गाठी काढाव्या लागल्या किंवा त्या जागी किरणोपचार झाले, की हाताकडून येणारी वाट अरुंद होते. बगलेतल्या गाठी मोठ्या प्रमाणात काढलेल्या बायकांत साधारण पाचांत एकीला ही सूज येते. पहिली एक-दोन गाठ तपासून बाकीच्या राखता आल्या, तर हे प्रमाण शंभरात पाच-सहावर येतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारा: "सगळ्या गाठी काढाव्या लागतील का, की आधी एखादी तपासून ठरवता येईल?" हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. कधी सगळ्या काढणंच गरजेचं असतं, आणि तेव्हा जीव वाचवणं पहिलं. पण मग घरी येताना आपला हात आता जोखमीचा आहे हे माहीत तरी असतं.

आता मालिशीबद्दल. या सुजेवर एक मालीश खरोखर आहे. तिचं नाव मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज. एमिल व्होडर आणि त्यांची पत्नी एस्ट्रिड या डॅनिश जोडप्याने १९३० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर काम करताना ती बसवली आणि १९३६ मध्ये पॅरिसला लोकांपुढे मांडली. पण ती मालीश पाहिली तर आपल्याकडचा माणूस म्हणेल, हिने काही केलंच नाही!

थेरपिस्ट तळवा अगदी अलगद कातडीवर ठेवते. तेल लावत नाही, कारण हात घसरायला नको असतो. कातडी थोडीशी ताणते, वर्तुळात किंवा पुढच्या दिशेला, आणि सोडते. सोडल्यावर क्षणभर थांबते. पुन्हा ताणते, पुन्हा सोडते. कातडी लाल होत नाही, दुखत तर नाहीच. बारीक लसिकावाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि जोर लावला की त्या चेपून बंद होतात. तुम्ही स्वतः करून पाहा. डावा तळवा उजव्या हातावर ठेवा आणि न घसरता फक्त कातडी खालच्या मांसावरून सरकवा. जिथे कातडी ओढ देऊन थांबते तिथेच थांबायचं. एवढाच तो जोर. अंग रगडणाऱ्या हाताला हा जोर म्हणजे काहीच वाटत नाही, आणि म्हणूनच शिकल्याशिवाय तो साधत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. सुजलेल्या हातावर थेरपिस्ट सुरुवात करत नाही. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची चांगली बगल, मग छाती आणि पाठ, मग सुजलेल्या हाताचा दंड, आणि शेवटी मनगट व बोटं. व्हाळ तुंबला तर आपण खालच्या अंगाला मोकळा करतो, मग वरचं पाणी आपसूक उतरतं. इथेही तसंच. पुढची वाट रिकामी केल्याशिवाय मागचं पाणी ढकलण्यात अर्थ नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं. सुजलेली बोटं धरायची आणि तिथून जोर लावून वर ओढायचं.

इतकं सांगून झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण शहरातल्या जाहिराती ती सांगत नाहीत. या मालिशीने एकटीने फार काही होत नाही. सूज उतरवण्याचं मुख्य काम पट्टी करते. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने स्तनाच्या कर्करोगानंतरच्या सुजेवरचे अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या पट्टीने सूज तीस टक्के किंवा त्याहून थोडी अधिक उतरत होती. त्यावर ही मालीश जोडली की आणखी सुमारे सात टक्क्यांची भर पडत होती, आणि तीही मुख्यतः सूज कमी असलेल्या बायकांत. म्हणजे मालीश निरुपयोगी नाही, धोक्याचीही नाही, पण कुणी हजारो रुपये घेऊन नुसती मालीश करत असेल आणि पट्टीचं नावच काढत नसेल, तर तो तुमचा पैसा वाया घालवतो आहे.

पूर्ण उपचाराला चार पाय आहेत: मालीश, पट्टी, व्यायाम आणि कातडीची निगा. पहिले दोन-चार आठवडे जवळजवळ रोज, आणि मग आयुष्यभर घरच्या घरी. पट्टी म्हणजे मेडिकलमधून आणलेली क्रेप बँडेज करकचून गुंडाळणं नव्हे. आधी सुती नळीसारखं कापड, मग एकेका बोटाला बारीक पट्टी, मग कापूस किंवा फोमचा थर, आणि वरून कमी ताणली जाणारी खास पट्टी एकावर एक थरांनी, मनगटाकडे घट्ट आणि खांद्याकडे सैल होत जाणारी. ही पट्टी स्वस्थ बसलेल्या हाताला फारशी दाबत नाही, पण हात हलवला की आतले स्नायू तिच्यावर आपटतात आणि पाणी वर सरकतं. क्रेप पट्टी सारखीच आवळत राहते, घाम धरते आणि रात्री बोटं निळी पाडते. सूज उतरली की पट्टीच्या जागी मापाने घेतलेली दाबाची बाही येते. ती दिवसा घालायची. आपल्या दमट हवेत, त्यात एप्रिल-मेमध्ये, ती नकोशी वाटते हे खरं. म्हणून दोन घ्या, एक अंगावर आणि एक धुऊन वाळत. पावसाळ्यात पट्ट्या वाळत नाहीत तेव्हा ओल्या कधीच बांधू नका, बुरशी येते. पंख्याखाली वाळवा.

"त्या हाताने काही करू नको" असा सल्ला बायकांना सर्रास मिळतो. तो जुना झाला. २००९ मध्ये अमेरिकेत सूज असलेल्या बायकांना दाबाची बाही घालून, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवत, वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती मध्येच उसळण्याचे प्रसंग कमी झाले. आपल्या गावांत हे समजणं फार गरजेचं आहे, कारण इथे हात बाजूला ठेवून कुणाचं घर चालत नाही. पहिल्याच दिवशी भरली कळशी कमरेवर घेऊ नका, पण अर्धी बादली, मग पाऊण, असं वाढवत न्यायला हरकत नाही. फिजिओथेरपिस्टला विचारून करा. सकाळी उठल्यावर आणि झोपताना पोट फुगवून सावकाश पाच-दहा श्वास घ्या. छातीतली मोठी लसिकानळी श्वासाबरोबर रिकामी होते.

निगा मात्र आपल्या कामांच्या हिशोबानेच घ्यायला हवी. काजूच्या टरफलातलं तेल साध्या हातावरही फोड उठवतं. सुजलेल्या हाताला तर ते जिवावरचं दुखणं ठरू शकतं. काजू सोलायच्या कारखान्यात काम असेल तर रबरी मोजे घालायलाच हवेत, आणि मालकाने ते द्यायला हवेत. बांगडा साफ करताना काटा घुसला, विळीवर बोट कापलं, लावणीच्या वेळी चिखलात ओरखडा आला, की ताबडतोब साबणपाण्याने धुवा, कोरडं करा, जंतुनाशक मलम लावा. रक्त काढायचं असेल किंवा सलाईन लावायचं असेल तर शक्यतो दुसरा हात पुढे करा.

एवढ्या बारीक जखमेचं एवढं कौतुक कशासाठी? या हातातली पहाऱ्याची व्यवस्था दुबळी झालेली असते. जंतू आत शिरले की काही तासांत हात लाल होतो, गरम लागतो, दुखतो आणि थंडी वाजून ताप भरतो. तेव्हा मालीश नाही, पट्टी नाही, शेक नाही. त्याच दिवशी डॉक्टर आणि अँटिबायोटिक. आणि एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्यासाठी: पावसाळ्यात सिंधुदुर्गात ताप म्हटलं की लेप्टो किंवा मलेरिया आधी डोक्यात येतो, आणि तो यायलाही हवा. पण बाई लाजेने हात पदराखाली ठेवते, आणि डॉक्टरांना खरं कारण दिसतच नाही. तपासणीला गेलात की हात आपण होऊन दाखवा आणि ऑपरेशन झालंय ते सांगा.

आणखी एक सूज आहे, तिच्यावर तर कुणालाच हात लावू देऊ नका. गुडघ्याचं, खुब्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं, माणूस बरेच दिवस अंथरुणावर होता, आणि अचानक एकच पाय सुजला, पोटरी दुखते आणि कडक लागते. ही शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची सूज असू शकते. ती रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन माणूस दगावू शकतो. गाडी काढा आणि ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा. धाप लागली असेल तर अजिबात वेळ काढू नका. दोन्ही पाय एकसारखे सुजत असतील तर ते बहुधा हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तदाबाच्या एखाद्या गोळीमुळे असतं. त्याचा इलाज मालिशीत नाही, आणि हृदय थकलेल्या माणसाच्या पायातलं पाणी ढकलून वर नेणं तर उलट धोक्याचं.

गुडघा बदलल्यानंतरच्या नेहमीच्या सुजेवर ही हलकी मालीश काही ठिकाणी करतात. सुरुवातीच्या दिवसांत थोडा आराम पडतो, पुढे फारसा फरक उरत नाही. जमली तर घ्या, नाही जमली तर चुकल्यासारखं वाटून घेऊ नका. चालणं आणि गुडघा वाकवण्याचा व्यायाम सोडू नका, ते खरं काम आहे.

आता किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत आणि गोव्याच्या स्पांत हीच मालीश "शरीरातली विषं बाहेर काढणारी" म्हणून मिळते. निरोगी माणसाला पडून राहून हलका हात फिरवून घेण्यात सुख वाटत असेल तर त्याने जरूर घ्यावं. पण विषं बाहेर काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, आणि निरोगी माणसाची लसिका घरातून शेतापर्यंत चालत गेल्यानेही वाहते. वजन उतरेल, चरबी वितळेल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या माणसाने स्पातल्या मुलीच्या हाती आपला हात देऊ नये. तिने लिम्फेडिमाचं शिक्षण घेतलेलं नसतं, आणि हा दोष तिचा नाही.

बोलता बोलता सगळं बायकांभोवतीच राहिलं. तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग झालेले पुरुष आणि बायका आपल्या गावोगाव आहेत. गळ्यातल्या गाठी काढल्या आणि किरणं दिली की हनुवटीखाली थैलीसारखी सूज लोंबते, कधी आतून घशातही येते, आणि गिळायला, बोलायला त्रास होतो. गळ्याला हातासारखी घट्ट पट्टी बांधता येत नाही. म्हणून इथे ही हलकी मालीश आणि मानेचे व्यायाम अधिक कामाचे. पण या रुग्णांना कुणी सांगतच नाही. ते सूज म्हणजे रोग परत आला असं समजून घाबरतात, किंवा आता चेहरा असाच राहणार म्हणून गप्प बसतात. रोग परतला की नाही हे डॉक्टरच सांगतील, म्हणून दाखवायला जाच. आणि तिथेच सुजेवरच्या व्यायामाबद्दलही विचारा.

आपला जिल्हा हत्तीरोगाच्या यादीत नाव असलेला जिल्हा आहे हेही विसरून चालणार नाही. घाण पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे येणारा तो जंत याच लसिकावाहिन्यांत राहतो आणि त्या बिघडवतो. गोळ्यांनी जंत मरतात; एकदा पक्की झालेली सूज मात्र गोळ्यांनी उतरत नाही. अशा पायाची सगळी मदार रोजच्या धुण्यावर आहे: साध्या साबणाने आणि गार पाण्याने सावकाश धुवायचा, बोटांच्या बेचक्यांत मऊ कापडाने कोरडा करायचा, बेचक्यात पांढरं पडलं असेल तर बुरशीचं मलम लावायचं, बसताना पाय वर ठेवायचा. यात खर्च जवळजवळ नाही, आणि पाय वारंवार लाल होऊन ताप येणं याने खरोखर थांबतं. ज्यांना जास्त सूज आहे त्यांच्यासाठी एक ठिकाण सांगतो. कोकण रेल्वेच्या वाटेने खाली मंगळूरच्या पुढे गेलं की केरळात कासरगोड लागतं. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीने हत्तीपायावर आयुर्वेद, योगासनं, मालीश आणि दाबाच्या पट्ट्या एकत्र करून अनेक वर्षं काम केलं आहे. आयुर्वेदावर विश्वास असलेल्या माणसालाही तिथे पट्टी बांधावीच लागते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी.

मोठं ऑपरेशन मुंबईत झालं की आपला माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांच्या खोलीत दिवस काढतो आणि सुट्टी मिळताच कोकणकन्येने कुडाळला उतरतो. हातात फाइल असते आणि तिच्यात व्यायामाचा एक कागद असतो. घरी आल्यावर फाइल कपाटात जाते. माझी विनंती आहे, सुट्टी मिळण्याआधी फिजिओथेरपी विभागात जाऊन या. रुग्णाबरोबर घरातलं एक माणूस, नवरा, सून, मुलगी, कुणीही, समोर बसवून मालिशीचा क्रम हाताने करून घ्या. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढा. शिंप्याच्या टेपने दोन्ही हातांचं माप घ्या: मनगट, कोपराच्या खाली चार बोटं, कोपराच्या वर चार बोटं. तारीख घालून वहीत लिहा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळेला मोजा. एखाद्या जागी दोन सेंटिमीटरचा फरक वाढला की वाट पाहू नका. सुरुवातीची सूज मऊ असते, बोटाने दाबली तर खळगा पडतो, आणि ती बरीच उतरते. वर्षं गेली की आत चरबी आणि तंतू साचून हात टणक होतो, मग उतरणं अवघड.

आशाताईंना माझं सांगणं आहे की घरोघरी जाताना कर्करोगातून उठलेल्या बाईला एकदा तरी "हात दाखव बघू" असं म्हणा. तेल लावून देणाऱ्या बायांनाही सांगा, की बगलेत ऑपरेशनचा व्रण असेल तर त्या हाताला आपण रगडायचं नाही. त्यांचा धंदा बुडवायचा माझा हेतू नाही. बाळंतिणीला आणि बाळाला त्यांचे हात हवेतच.

आणि मुंबईतल्या चाकरमान्यांनो, चतुर्थीला गावी येताना काकी-मावशीसाठी साडी आणता, यंदा आधी फोन करून तिच्या हाताचं विचारा. दाबाची बाही अंदाजाने विकत आणू नका, चुकीच्या मापाची बाही सूज बोटांत ढकलते. तिचं माप इथल्या किंवा बांबोळीच्या फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या, किंवा पुढच्या तपासणीला तिला बरोबर मुंबईला न्या आणि तिथेच बाही मापाने घेऊन द्या. सहा महिन्यांनी बाहीचा ताण जातो, तेव्हा दुसरी लागेल हेही धरून चाला.